दातखीळ

रोपवाल्या काकूंचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला पोचायचा. रोपवाटिका तशी लहानच. कुंड्यांच्या रांगा, वर हिरवी जाळी, मागे खताचा ढीग आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी. पण गिऱ्हाईक फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच काकू टाकीपासून ओरडायच्या, "ते उन्हातलं झाड आहे, घरात ठेवायला नेऊ नका!" त्यांचे यजमान अगदी उलट. काका कलमं बांधत बसायचे आणि दिवसभरात इतकं कमी बोलायचे की नव्या गिऱ्हाइकाला ते मुके वाटायचे. "आमच्या घरात दोघांत मिळून एकच तोंड चालतं," काकू म्हणायच्या, "आणि ते माझं."

एकदा जुनं कुंपण काढताना गंजलेली तार काकूंच्या चपलेतून आरपार टाचेत घुसली. काकूंनी ती उपसली, नळाखाली पाय धरला, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागल्या. संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी असायची.

"आई, इंजेक्शन घेऊन टाक."

"अगं, माझ्या अंगात रक्तापेक्षा मातीच जास्त. मला काय होतंय!"

खरंच काही झालं नाही. जखम भरत आली. आठवडा उलटला असेल, तेव्हा एका सकाळी जबडा दुखायला लागला. दुपारी घास तोंडाशी नेला तर तोंड पुरतं उघडेना. अक्कलदाढ असेल, असं काकूंना वाटलं. फाटकाशी उभी असलेली शेजारीण हसून म्हणाली, "काकू, तुमची दातखीळ बसली तर गल्लीला कळायचं कसं, की सकाळ झाली?" काकूही हसल्या. हसताना गाल ताणला गेला आणि तो तसाच राहिला, खाली येईचना.

दाताच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला. "आ करा."

काकूंनी केला. दातांच्या फटीतून बोटही जाईना. डॉक्टरांनी हातातलं आरशाचं हत्यार खाली ठेवलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एवढ्यात कुठे लागलं होतं का? हाताला, पायाला?"

काकूंनी पाय पुढे केला. डॉक्टरांनी टाच पाहिली, मग काकांकडे पाहिलं. "यांना इथून सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. घरी जाऊन कपडे बदलू, कुणाला सांगून येऊ, यातलं काही नको."

गाडीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना लहानपणचं एक घर आठवत होतं. शेजारी एक तरणा सुतार राहायचा, तो आजारी पडला होता. काकूंनी खिडकीच्या फटीतून पाहिलं होतं. टाचा आणि डोकं तेवढं गादीला टेकलेलं, मधलं सगळं अंग हवेत, कमानीसारखं ताणलेलं. आणि डोळे उघडे. ते डोळे आपल्याकडे बघताहेत असं वाटून काकू पळाल्या होत्या. मोठी माणसं तेव्हा दबक्या आवाजात एक शब्द बोलत होती. तोच शब्द आता दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काकांना सांगितला.

"धनुर्वात."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरला.

"औषध सुरू करतोय. पण विष एकदा नसांमध्ये भिनलं की ते उतरायला आठवडे जातात. झटके येतील. आवाजाने, उजेडाने, नुसत्या हात लावण्यानेसुद्धा. म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवणार आहोत. एक सांगून ठेवते, त्यांची शुद्ध जाणार नाही. त्यांना सगळं कळत राहील."

काकूंना ते आत्ताच कळत होतं. त्या शेजारच्याच खाटेवर होत्या.

खोली वॉर्डाच्या अगदी शेवटी होती. खिडकीला काळा पडदा, दिवा बंद, छताजवळ यंत्राचा एक हिरवा ठिपका. नाकातून अन्नाची नळी, हातात सुई. टाचेची जखम पुन्हा उघडून साफ केलेली. काका उशाशी स्टुलावर बसले होते. दोघंही गप्प, आणि यावेळी काकूंचाही इलाज नव्हता. एवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. लेकीचाच होता.

पाठीतून कुणीतरी दोर ओढून घेतल्यासारखं झालं. काकूंची मान मागे गेली, पाठ गादीवरून उचलली गेली, दातांवर दात असे आवळले की कवटीत कडकड ऐकू आली. श्वास आत येईना, बाहेर जाईना. हाडं मोडतील एवढी कळ, आणि ओरडायला तोंड नाही. फोन वाजतच होता. काकांच्या बोटांना बटण सापडत नव्हतं. काकूंच्या मनात एकच आलं. माझेही डोळे आता तसेच उघडे आहेत.

झटका ओसरला तेव्हा काका भिंतीला चिकटून उभे होते. आपल्याच हातून बायको गेली, अशी त्यांची समजूत झालेली. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. पाठीमागच्या उजेडात त्याचे खांदे तेवढे दिसत होते, चौकट भरून. काकूंना वाटलं, आता याचे बूट वाजणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने, अगदी जवळून, पण कुजबुजही नव्हे अशा खालच्या आवाजात तो बोलला. "काकू, मी इथला ब्रदर आहे. दिवसभर मीच असतो. आता मी तुमच्या डाव्या मनगटाला हात लावणार आहे. हात गार आहे माझा. लावू? चालणार असेल तर डोळे मिटा."

काकूंनी डोळे मिटले. गार हात मनगटावर आला. झटका आला नाही.

त्याने बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. तो नुसत्या मोज्यांवर आत आला होता.

ब्रदरला दवाखान्यात सगळे पैलवान म्हणायचे. तालमीतला वाटावा असा देह, मान जाड, बोटं केळ्यांसारखी. एखाद्या परपुरुषाच्या हाती असं पडून राहायचं, या विचाराने काकूंना पहिल्या दिवशी लाज वाटली होती. दुसऱ्या दिवसापासून लाजेला जागाच उरली नाही, सगळी जागा भीतीने घेतली. झटका येऊन गेला की पुढच्याची वाट. लिफ्टचं दार, ढकलगाडीची चाकं, कुणाच्या हातातून निसटलेलं झाकण. ज्या काकूंनी जन्मभर आवाज केला, त्या आता आवाजाला अशा भ्यायच्या, जसं उंदराने मांजराला भ्यावं. दुसऱ्या पाळीची सिस्टर वाईट नव्हती, पण घाईत असायची. ती सरळ येऊन दंड पकडायची, आणि काकूंची पाठ उचलली जायची. मग तीच घाबरून मागे सरायची.

पैलवानाने दाराच्या कडीला बँडेजची पट्टी गुंडाळली. सुया, बाटल्या ठेवायच्या ट्रेमध्ये जाड फडकं अंथरलं. दाराला पुठ्ठा लावला: बूट काढा, गप्प या, सांगून हात लावा. वॉर्डातले एक-दोघं हसले. "काय पैलवान, अंगाई पण म्हणता का?" तो म्हणाला, "म्हटली असती, पण माझ्या आवाजाने झटका येईल." पण पुठ्ठा काढला नाही. घाईच्या सिस्टरलाही त्याने बाजूला घेऊन समजावलं. त्या दिवसापासून तीही आधी सांगू लागली.

प्रत्येक गोष्ट तो करण्याआधी सांगायचा. "आता कूस बदलायची आहे. आम्ही तिघं आहोत, मी पाठीशी." "आता औषध जाईल, हात जड वाटेल." "बाहेर ऊन आहे. काका खाली चहा प्यायला गेलेत, मीच पाठवलं." काकू डोळे मिटून हो म्हणायच्या. उघडे ठेवले तर नाही. एकदा त्यांनी नाही म्हटलं, तर तो थांबला. नुसता उभा राहिला, आणि जरा वेळाने पुन्हा विचारलं. कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय, एवढ्यानेच काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायच्या आधीही त्याने सांगितलं, "गालाला कापूस लावतोय."

भेटायला आलेले सगळे म्हणायचे, काही होत नाही तुम्हाला, ठणठणीत व्हाल. दारात हे म्हणताना त्यांचे चेहरे पांढरे पडलेले असायचे. ते पाहून काकूंची भीती वाढायची. एका दुपारी झटके फारच जवळजवळ आले. एक ओसरल्यावर काकूंनी दातांच्या फटीतून, जीभ हलवता येईल तेवढी हलवून, एक शब्द काढला. "मरते?"

पैलवान वाकला. काकूंना वाटलं, हाही आता तेच म्हणणार.

"माहीत नाही, काकू," तो म्हणाला. "खोटं नाही सांगणार. दुखणं मोठं आहे. पण यातून उठून गेलेली माणसंही आहेत. आणि संध्याकाळपर्यंत मी कुठे जात नाही."

विचित्र वाटेल, पण त्या दुपारी पहिल्यांदा काकूंचा डोळा लागला.

त्यानंतरच्या एका सकाळी ड्रिल सुरू झालं. वरच्या मजल्यावर नव्या खोल्यांचं काम चाललं होतं. काकूंसाठी ते थांबवलेलं होतं, पण त्या दिवशी आलेल्या नव्या कारागिराला कुणी सांगितलं नव्हतं. काकूंच्या बरोब्बर डोक्यावर छत गुरगुरायला लागलं. पहिला झटका सुटायच्या आत दुसरा आला. मग मोजायला काही उरलंच नाही, सगळा मिळून एकच झटका. पाठ कमानीसारखी ताणली, घसा आवळला गेला आणि हवा थांबली. हिरवा ठिपका लाल झाला. काकूंना पैलवानाचा चेहरा उलटा दिसत होता, त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्याने डॉक्टरांना हाक मारायचं बटण दाबलं, तोंडावर मास्क धरला आणि काकांना म्हणाला, "मला यांना सोडता येत नाही. वर जा. ते बंद करा. पळा!"

काका पळाले. पुढचं काकूंना नंतर लेकीकडून कळलं. काका दोन दोन पायऱ्या चढत वर गेले आणि त्या कारागिरासमोर उभे राहून असे ओरडले, की तळमजल्यावर रांगेत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. जन्मात ज्याने बायकोलासुद्धा मोठ्याने हाक मारली नाही, तो माणूस "बंद कर! बंद कर ते!" म्हणत ड्रिलची वायर दोन्ही हातांनी ओढत होता. कारागीर बिचारा हातातलं सोडून हात जोडून उभा राहिला.

खाली आवाज थांबला, पण घसा सुटला नाही. डॉक्टरीणबाई आल्या. काकूंच्या नजरेसमोर कडेकडेने काळं व्हायला लागलं होतं. गेले, त्यांना वाटलं. सुतारासारखीच गेले. तेवढ्यात कानाशी तोच खालचा आवाज आला. या गडबडीतही त्याने तो चढू दिला नव्हता.

"काकू, आता तुम्हाला झोपवताहेत. अंग सैल पडेल. गळ्याला छोटं छिद्र पाडून नळी बसवणार. श्वास यंत्र घेईल, तुम्ही धडपडू नका. जाग आल्यावर बोलता येणार नाही. घाबरू नका, नळी काढली की आवाज परत येतो. मी इथंच आहे."

जाग आली तेव्हा खरंच बोलता येत नव्हतं. पण ते आधी कळलेलं होतं.

नंतरचे दिवस धुक्यात गेले. यंत्र छाती वरखाली करायचं. कधी लेकीचा हात असायचा, कधी काकांचा. भीती होतीच, पण ती आता सतत छातीवर बसलेली नसायची, येऊन जाऊन असायची. मग झटके विरळ झाले. एका दुपारी पैलवान म्हणाला, "पडदा बोटभर सरकवतोय," आणि गादीवर उजेडाची एक पट्टी पडली. काकू तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. उजेड अंगावर पडूनही पाठ गादीला टेकलेलीच होती.

गळ्यातली नळी निघाली, जखम बुजली. आवाज फुटला तो फाटक्या भोंग्यासारखा. उभं राहायला, चालायला पुन्हा शिकावं लागलं. घरी सोडलं त्या दिवशी पैलवान सुट्टीवर होता. काकूंनी वॉर्डातल्या सगळ्यांचे आभार मानले, पण ज्याचे मानायचे तोच नव्हता. त्या रडकुंडीला आल्या.

माणूस घरी आला तरी भीती त्याला लगेच घरचं होऊ देत नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली की काकूंच्या हातातली वाटी सुटायची. मातीत हात घालायची छाती होईना. टाकीपाशी खुर्ची टाकून त्या नुसत्या बसायच्या, पायात जाड बूट घालून. काका गिऱ्हाइकांशी बोलायला शिकले होते. "हे उन्हातलं आहे," ते हळूच सांगायचे, आणि काकू मान हलवायच्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की हे दुखणं एकदा होऊन गेलं म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही, लशीचे डोस पुरे करायला हवेत. पुढचा डोस आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच काकू थांबल्या. औषधांच्या वासानेच जबडा आवळल्यासारखा वाटायला लागला. "परत जायचं का?" काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही. त्यांना भेटायचंय."

काकांनी केसपेपरच्या रांगेत नंबर धरला आणि काकू भिंतीला धरून वॉर्डात गेल्या. पैलवान औषधांच्या कपाटाशी उभा होता. उजेडात, सरळ उभं राहून, काकूंनी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा तो लहान होता, लेकीच्याच वयाचा. काय बोलायचं ते त्यांनी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तुमचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत, देवासारखे धावून आलात, असं बरंच काही. त्यातला एक शब्द आठवेना.

"ओळखलंत का?" एवढंच निघालं.

"काकू! चालत आलात!" तो म्हणाला, आणि काकू तिथेच हमसून हमसून रडायला लागल्या. त्याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"मला सांगा," डोळे पुसत काकू म्हणाल्या, "तुम्हाला कधी भीती नाही वाटली? मी एवढी भ्यायले. तुमचा आवाज तर जराही हलला नाही."

पैलवानाने आजूबाजूला पाहिलं. "कुणाला सांगू नका. तुमच्या खोलीत शिरायच्या आधी मी रोज दाराबाहेर उभा राहायचो. पाचावर धारण बसलेली असायची. धनुर्वाताचा पेशंट मी आधी कधी सांभाळला नव्हता. आणि माझे हात हे असे. घरी माझ्या हातून रोज काहीतरी पडतं. बायको मला काचेचं काही हातात देत नाही. आत माझ्या हातून साधं भांडं पडलं असतं, तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "म्हणून तर सगळं आधी सांगत होतो. निम्मं तुम्हाला, निम्मं स्वतःला. आता हे करायचंय, सावकाश."

काकूंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग हसल्या. फाटक्या आवाजातलं ते हसू वॉर्डभर गेलं, आणि दोन खाटांवरच्या पेशंटनी माना वळवल्या.

"मी तुमच्यासाठी काय करू? झाडं देते. घर भरून देते."

"द्या की, दोन कुंड्या द्या. प्लॅस्टिकच्या बघा, फुटणार नाहीत अशा." तो म्हणाला. "आणि वेळ असेल तर अजून एक करा. त्या शेवटच्या खोलीत गाडीवरून पडलेला एक मुलगा आहे, मशीनवर. त्याची आई बाहेर बसून असते. खात नाही, कुणाशी बोलत नाही. आमचं बोलणं तिला दवाखान्याचं वाटतं. तुमचं नाही वाटणार."

शेवटची खोली म्हणजे तीच खोली. काकूंना वाटलं, नाही म्हणावं. यांनी काहीही मागावं, फक्त तिथे जायला सांगू नये. पाय उचलेना. पैलवानाने ते पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, "नाही जमलं तरी चालेल. खरंच."

काकू उठल्या. भिंतीला हात लावत, एक एक खाट मागे टाकत त्या वॉर्डाच्या टोकाला गेल्या. बंद दाराकडे त्यांनी बघायचं टाळलं. बाहेरच्या बाकावर एक बाई पदर मुठीत धरून बसली होती. काकू शेजारी टेकल्या.

"या खोलीत मी होते," त्या म्हणाल्या.

बाईने मान वर केली. काकूंच्या गळ्यावरचा व्रण तिला दिसला.

"त्याला आतलं कळत असेल का हो?" तिने विचारलं. "मी काही बोलले, तर पोचत असेल?"

"डॉक्टरांना विचारा. त्याचं कसं आहे ते मला नाही सांगता येणार. पण मला पोचायचं. तुम्ही जा आत, आणि बोला."

"काय बोलू? माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. आत गेले की दातखीळ बसते."

"बसू दे," काकू म्हणाल्या. "मी येते बरोबर."

असं बोलून गेल्यावर काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती बाई उठली होती, आणि तिने काकूंचा हात धरला होता. दोघींचेही हात गार पडलेले. काकूंनी वाकून बुटांचे बंद सोडले, बूट बाकाखाली सारले, आणि त्या दोघी आत गेल्या.

लशीची वेळ टळून गेली तेव्हा केसपेपर हातात घेऊन काका शोधत आले. बाकाखाली त्यांना बूट दिसले, बाकावर कुणीच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात दारामागून बायकोचा घोगरा आवाज त्यांच्या कानावर आला. ती कुणाच्या तरी मुलाला जास्वंदीची फांदी कशी छाटायची ते सावकाश समजावून सांगत होती. काका बाकावर बसले, आणि नंबर गेला तर गेला म्हणून बसूनच राहिले.